लाल बैलाची वेसण

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढत नाही. या एका बैलाबद्दल बोलायला लागलो की बायको स्वयंपाकघरातून सांगते, "जरा हळू, शेजारी ऐकतात." ऐकू देत की. त्यांनी ऐकावं म्हणूनच तर लिहितोय.

करोना ओसरला होता. बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. सकाळची हजेरी चालू असताना फाटकावर गलका झाला. पुढे पन्नाशीची एक बाई, तिच्या हातात कासरा, कासऱ्याला एक लाल कंधारी बैल आणि मागे मोटारसायकलींवर सात-आठ माणसं.

"साहेब, हिनं आमच्या मालकाचा बैल चोरला. दिवसाढवळ्या, गोठ्यातून सोडून आणला," त्यातला एक ओरडला.

"चोरला न्हाई. माझा हाय, माझ्या घरी नेत होते," बाई म्हणाली. "ह्यांनी वाटंत आडवलं. मीच म्हणलं, चला ठाण्यात."

चोर स्वतः मुद्देमाल घेऊन ठाण्यात चला म्हणतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई विधवा होती. डोंगराच्या उतारावर तुकडा-तुकडा जमीन, ट्रॅक्टर चढत नाही, त्यामुळे त्या भागात बैलाच्या औताला अजून मागणी आहे. नवरा गेल्यावर हिनं स्वतः कासरा धरला आणि लोकांच्या रानात भाड्यानं औत हाकून घर चालवलं. बाई औत हाकते म्हणून आधी लोक हसले, मग तिलाच बोलवायला लागले. साधारण वर्षापूर्वी तिच्या जोडीतला एक बैल रानातून नाहीसा झाला. ती तेव्हा ठाण्यात आली होती. त्या वेळच्या अंमलदारानं चोरी लिहिलीच नाही, "जनावर सुटून गेलं असेल" म्हणून गहाळची नोंद करून तिची बोळवण केली. जोड फुटली. एका बैलाचं औत होत नाही. वर्षभर तिनं सावडीवर, म्हणजे कुणाचा तरी बैल आपल्या बैलाशेजारी जुंपून, जमेल तसं भागवलं. मग एक दिवस शेजारच्या गावात एका पुढाऱ्याच्या गोठ्यासमोरून जाताना तिला तिचा बैल दिसला.

"शिंगं साळलेली, कान फाटलेला, पाठीवर नवा डाग. पर मी हाक मारली तर त्यानं मान फिरवली, साहेब. मग मी इचारायला कावून थांबू? सोडला आन निघाले."

दुपारी पुढारी स्वतः आला. पांढरे कपडे, मोठी गाडी, बसायच्या आधीच खुर्ची ओढून घेतली. कारखान्यात ऊस कधी तुटायचा, गावात टँकर कुठं थांबायचा, कुणाच्या पोराची शिफारस करायची, सगळं त्याच्या हातात. मी सरळ विचारलं, "बैल कुठून विकत घेतला?"

त्याचा चेहरा लाल झाला. "आमी बैल इकत घेणारे वाटलो का तुमाला? चार पिढ्या आमच्या दावणीला बाहेरचं जनावर न्हाई. घरचा गोऱ्हा हाय ह्यो. घरच्या गाईचा. गाय आजबी उभी हाय गोठ्यात, या बघायला."

आमच्याकडच्या बड्या शेतकऱ्याला बैल विकत आणला म्हणणं कमीपणाचं वाटतं. घरच्या गाईचा गोऱ्हा वाढवून औताला धरला, यात खरी ऐट. बाजारात घेतला म्हणाला असता तर एखादी पावती कुठूनही आणता आली असती. पण ऐटीपुढे त्याला ते सुचलं नाही. मी त्याचे शब्द जसेच्या तसे फिर्यादीत घेतले, वाचून दाखवले आणि खाली त्याची सही घेतली.

कागद मात्र त्याच्याच बाजूनं होता. सरकारी योजनेत जनावरांच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारतात. या बैलाच्या कानात बिल्ला होता आणि तो पुढाऱ्याच्या नावावर होता. दुसऱ्या कानाला मोठी फाट होती, वाळून कडक झालेली. बाई म्हणत होती, तिचा बिल्ला तिथं होता, तो ओढून काढला. पण गेलेला बिल्ला कसा दाखवणार?

बैल मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि ठाण्यामागच्या लिंबाला बांधला. मुद्देमाल कारकून कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, आजवर चाकू, कोयते सांभाळले. ह्याला वैरण घालावी लागंल." बाईला अटक न करता नोटीस दिली. त्या दिवसापासून पुढाऱ्याचे आणि त्याच्या वरच्यांचे फोन सुरू झाले. चोर मोकळी का फिरते? बैल मालकाला परत का देत नाही? सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, बैल ताब्यात मिळावा म्हणून त्यानं कोर्टात अर्जही टाकला. एकदा का बैल त्याच्या हाती गेला की तो कुठल्या बाजारात जाईल आणि पुन्हा कधी दिसणारच नाही, हे मला दिसत होतं. मग बाई कायमची चोर. गुन्हेगार बाईला औताला कोण बोलावणार?

मी बाईच्या गावात जबाब घ्यायला गेलो. आणि इथंच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या बैलानं ज्यांची रानं नांगरली ती ही माणसं. पाठमोरं जनावर लांबून पाहून कुणाच्या दावणीचं ते सांगणारी. आणि मला काय सांगतात? "लाल बैल समदे सारकेच दिसत्यात, साहेब." एकानं सांगितलं, दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानं तर मी विचारायच्या आधीच सांगितलं. बाईचा सख्खा दीर मिठाची गुळणी धरून बसला होता. मी त्याला म्हणालो, "तुमच्या रानात हा बैल राबला ना?" तो म्हणाला, "राबला असंल. आमी काय त्येचं तोंड बघत बसलो का?"

बाई रोज वैरणीची पेंडी घेऊन यायची. तपास पुरा होईपर्यंत बैलाजवळ कुणालाही सोडायचं नाही, असं मीच ठरवलं होतं, म्हणून ती कंपाउंडच्या बाहेर उभी राहायची आणि शिपाई पेंडी आत न्यायचा. ती आली की बैल दाव्याला हिसडे देऊन हंबरायचा. अख्खं ठाणं बघायचं. सरकारी वकिलांना मी हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "बैलाचा जबाब कोर्टात कसा नोंदवणार?"

पहिली खबर नांदूरघाटच्या बाजारात मिळाली. तिथं बैलांची शिंगं साळून, म्हणजे तासून, देणारा एक माणूस होता. मी साध्या कपड्यांत चहा पीत होतो, तो शेजारी येऊन बसला आणि दुसरीकडं बघत बोलला, "त्या बैलाची शिंगं मीच साळली. आणला तवा कानातून रगत गळत व्हतं. मालकाचा सालगडी घेऊन आलता. पर साहेब, माझं नाव घेतलं तर मी न्हाई म्हणणार." घरच्या गाईच्या गोऱ्ह्याचा कान रक्ताळतो कशाला? माझी खात्री पटली. पण सही न करणाऱ्या माणसाच्या खबरीवर कोर्ट चालत नाही.

पुढाऱ्याच्या सालगड्याला बोलावलं. दिवसभर विचारपूस केली. मी मारहाणीवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माराला भिऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलतोच असं नाही. त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिलो. गाय कधी व्याली? गोऱ्ह्याला पहिल्यांदा कोणत्या रानात जुंपलं? तो घामाघूम झाला, पण शेवटी तेच पालुपद. "घरचा गोऱ्हा हाय, साहेब. माझी रोजीरोटी हाय तिथं." ही दोन वाक्यं त्यानं एका दमात म्हटली, यातच मला उत्तर मिळालं.

गाय आणि बैल समोर उभे आहेत, तर माणसाच्या बाबतीत करतो तशी डीएनए तपासणी का करू नये, असं माझ्या मनात आलं. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "बैलाचं डीएनए? खून झालाय का कुणाचा?" मी म्हणालो, "एका बाईला चोर ठरवायचं चाललंय, सर." ते म्हणाले, "बघा तुम्ही काय ते." मी त्यालाच परवानगी समजलो आणि रीतसर पत्रव्यवहार सुरू केला.

दुसऱ्या जिल्ह्यात जनावरांच्या आनुवंशिकतेची एक प्रयोगशाळा होती. तिथल्या डॉक्टरबाईंना भेटायला मी स्वतः गेलो. त्यांनी माझी चेष्टा केली नाही. म्हणाल्या, "गाय आई आहे की नाही हे सांगता येईल. वासराच्या डीएनएत निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा. आम्ही ठरावीक जागा तपासतो. प्रत्येक जागी आईचं काहीतरी वासरात दिसायलाच हवं. पण ही गाय आई नाही एवढ्यानं बैल त्या मावशींचा ठरत नाही. त्यांच्याकडची आई आहे का?"

"ती गाय मेली."

"मग चोरीच्या आधीचं त्या बैलाचं काही? केस, रक्त, लाळ लागलेलं काहीही? कणभर चालेल."

कणभरात काय दिसणार, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला ते यंत्र दाखवलं. घरातल्या मिक्सरएवढं, वर झाकण, आत बारीक नळ्यांसाठी भोकं. त्यांनी समजावलं ते माझ्या डोक्यात आजही पक्कं आहे. डीएनए म्हणजे दोन पदरी पीळ. तो उकळत्या पाण्याच्या थोडं अलीकडे तापवला की पीळ उलगडतो, दोन पदर वेगळे होतात. मग थोडं थंड करायचं. नळीत आधीच प्रायमर नावाचे छोटे तुकडे टाकलेले असतात, आपल्याला हवा तेवढाच भाग निवडून ते त्याच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. पुन्हा जरा ऊब द्यायची. आता एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि प्रत्येक पदराला त्याचा जोडीदार पदर बांधून देतं. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, दोनाचे चार. पुन्हा, चाराचे आठ. तीसेक फेऱ्यांत, दोन-तीन तासांत, एका तुकड्याच्या अब्जावधी नकला. एवढ्या उष्णतेत टिकणारं ते विकर मुळात गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूंत सापडलं.

"करोनात नाकात काडी घालून केली ती तपासणी हीच," त्या म्हणाल्या. "विषाणूचा आरएनए असतो, तो आधी डीएनएत बदलून घ्यायचा, एवढाच फरक. थुंकीतला क्षय यानंच ओळखतात, जळालेल्या प्रेताची ओळख पटवतात, बाप कोण ते ठरवतात, बियाण्यातली भेसळ पकडतात. पण साहेब, हे यंत्र आंधळं आहे. नळीत जे पडेल त्याच्या नकला काढतं. तुमच्या शिपायानं बैलाला हात लावून तोच हात पुराव्याला लावला, तर माझं यंत्र त्या हाताच्या नकला काढेल. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी सोबत नुसत्या पाण्याची एक नळी फिरवतो. तिच्यात काही उगवलं तर सगळं फेकून पुन्हा सुरुवात. नसलेलं काही ते निर्माण करत नाही, आणि असलेलं लपवतही नाही."

परत आल्यावर मी बाईच्या घरी गेलो. "मावशी, बैलाचं जुनं काय आहे?" तिनं घुंगरमाळ आणली. ती धुऊन-पुसून लख्ख. झूल आणली, तीही धुतलेली. मी गोठ्यात शिरलो. मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, सुतळीची दोन जुनी वेटोळी टांगलेली दिसली.

"ते काय?"

"येसण हाय की. पोळ्याला नवी घालताव. जुनी उकिरड्यावर टाकायची न्हाई, जनावराच्या नाकातली हाय ती. मेढीला बांधायची, आपसूक कुजू द्यायची. उजवीकडली ठाण्यातल्याची, डावीकडली घरच्या ह्याची. औताला उभे राहत्यात तशी बांधते मी. बैल गेल्यापासून पोळा केलाच न्हाई."

बैलाच्या नाकपुडीतून आरपार गेलेली, वर्षभर रोज घासलेली, शेंबूड आणि रक्त मुरलेली दोरी. चोरीच्या आधीच्या पोळ्याला काढलेली. मी हात मागे घेतला आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

पंचनाम्याला गावातला एकही माणूस पंच म्हणून येईना. एकाला ताप आला, एकाच्या घरी पाहुणे आले. शेवटी तालुक्याहून दोन सरकारी नोकर आणले. हातमोजे घालून दोन्ही वेसणी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत सीलबंद केल्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी चढते. पुढाऱ्याच्या गोठ्यात जाऊन पंचांसमक्ष त्याच्याकडूनच आई म्हणून गाय दाखवून घेतली. पशुवैद्यकानं तिचं रक्त घेतलं, वेगळ्या दिवशी ठाण्यातल्या बैलाचं आणि बाईच्या घरच्या दुसऱ्या बैलाचं घेतलं. ठाण्याचा लेखनिक, म्हणजे आमचा रायटर, सगळं एकाच पिशवीत भरायला निघाला होता, त्याला मी असं झापलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कोर्टानं अहवाल येईपर्यंत बैल ठाण्यातच ठेवला. पुढारी सगळीकडे हसत सांगत होता, "साहेब बैलाची सोयरीक जुळवतोय." गावातली तीच माणसं त्याच्यासोबत हसत होती.

अहवाल लवकर आला नाही. जुन्या दोरीत शेण-माती मुरलेली असली की विकराचं काम अडतं, हे मला नंतर कळलं. पहिल्या खेपेला काही जागा उमटल्याच नाहीत. डॉक्टरबाईंनी पुन्हा धुऊन, शुद्ध करून सगळं नव्यानं चालवलं. मग त्यांचा फोन आला. "साहेब, ती गाय त्याची आई नाही. एक-दोन जागी नव्हे, बऱ्याच जागी काहीच जुळत नाही. आणि उजवीकडची वेसण त्याच बैलाची आहे. तपासलेल्या सगळ्या जागा तंतोतंत जुळतात. डावीकडची दुसऱ्या बैलाची. मावशींनी सांगितलं तस्संच."

पुढाऱ्याला बोलावून अहवाल वाचून दाखवला. तो लगेच पलटला. "मग गड्यानं बाजारातनं आणून बांधला असंल. आमाला काय म्हाईत?" मी त्याचीच फिर्याद पुढं सरकवली. घरच्या गाईचा, घरचा गोऱ्हा, चार पिढ्या बाहेरचं जनावर नाही. खाली त्याचीच सही. मालक सगळं आपल्यावर ढकलतोय हे कळल्यावर सालगडी फुटला. मालकाला जोडीला जोड असा लाल बैल हवा होता, बाई देत नव्हती, म्हणून मालकाच्या सांगण्यावरून पहाटे रानातून सोडून आणला. बिल्ला उपटला, शिंगं साळली, डाग दिला. हे सगळं त्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं.

बाईविरुद्धची फिर्याद खोटी ठरवून मी 'ब' समरी पाठवली, म्हणजे ही फिर्याद जाणूनबुजून खोटी केली असा अहवाल. पुढाऱ्यावर आणि गड्यावर चोरीचं दोषारोपपत्र गेलं. पुढाऱ्याला जामीन मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तो एका सत्कारात हार घालून बसला होता. तो खटला आजही तारखांवर चालतोय. संताप येईल नाही तर काय?

पण खरं सांगू, माझा सगळ्यात मोठा राग त्याच्यावर नाहीच. चोर चोरीच करणार, त्याला पकडायलाच आम्ही पगार घेतो. मला राग येतो तो त्या गावाचा. दोरीवरच्या मातीत अडकलेल्या चार पेशी काहीतरी सांगू पाहत होत्या, त्यांचा आवाज मोठा करायला विज्ञानानं यंत्र बनवलं. आणि इथं शंभर धडधाकट माणसं, तोंडात जीभ असलेली, सगळं माहीत असलेली, त्यांच्यातून एक शब्द निघाला नाही. जे पारावर बसलेला प्रत्येक माणूस एका वाक्यात सांगू शकत होता, ते विचारायला मला वेसण घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं. प्रयोगशाळेचं महत्त्व मी या गुन्ह्यात शिकलो हे खरं. पण तिच्याकडे आपण कधी धाव घेतो, हेही शिकलो. माणसं माणसाच्या बाजूनं बोलायची थांबतात तेव्हा.

कोर्टाच्या हुकुमानं बैल बाईच्या ताब्यात दिला. मी मुद्दाम तिच्यासोबत गावात चालत गेलो, सगळ्यांनी बघावं म्हणून. पारावर तीच मंडळी बसली होती, दीरही होता. आम्हाला बघून उठली, हसत पुढं आली.

"आमाला पयल्यापासून ठावंच व्हतं, साहेब," एक म्हातारा म्हणाला. "बैल हिचाच. आंधळ्यालाबी वळखू यील."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती कशीबशी गिळली.

दीर पुढं होऊन म्हणाला, "वैनी, चहा पाजा आता समद्यास्नी. जिंकलाव आपण."

बाई थांबली. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "साहेब, माझी म्हस हाय दावणीला, दोन शेळ्या हाईत. त्यांचंबी रगत आत्ताच काढून घेऊन जा. मागनं ह्यांना वळखू यायची न्हाईत."

तिनं कासरा सैल सोडला आणि बैल तिच्यापुढं घराच्या वाटेला लागला.